‘नंतर बोल’ म्हणालो होतो, ते नंतरचं पत्र

चि. माऊस,
अनेक आशीर्वाद.

फोन असताना अप्पांनी पत्र कशाला लिहिलं, असं तुला वाटेल. फोनवर मी "जेवलीस का, पाऊस आहे का तिकडं" याच्या पुढं जात नाही, हे तुला ठाऊक आहे. समोर कागद असला की जरा सुचतं.

सात वर्षांपूर्वीचा जानेवारी आठव. तू संगमनेरला शेवटच्या वर्षाला होतीस. मैत्रिणींबरोबर सायकली एसटीच्या टपावर टाकून भंडारदऱ्याला गेलीस. मला विचारलं नव्हतंस, आईला अर्धवट सांगितलं होतंस. दिवेलागणीला तुझा फोन आला तेव्हा मी मळ्यात होतो. धरणातून कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटून तिसरा दिवस, चारीचं पाणी आपल्या पाळीचं, आणि नेमकं वरच्या सरीचं दारं, पाणी वळवायचं मातीचं तोंड, फुटून पाणी शेजारच्यांच्या गव्हात चाललेलं. हातात खोरं, फोन कान आणि खांद्याच्या बेचक्यात. तू म्हणालीस, "अप्पा, मी कुठंय ओळखा. अप्पा, इथं ना..." मी म्हणालो, "दारं फुटलंय, नंतर बोल," आणि ठेवला. रात्री मी उलट फोन केला तर म्हणालीस, "काही नाही अप्पा, सहज केला होता."

सुट्टीत घरी आलीस तेव्हा मी काय बोललो ते तुझ्या लक्षात असेलच. "कॉलेजला घातलं ते सायकलवर रानोमाळ हिंडायला नाही." ते परत लिहीत नाही, लिहायला बरंही वाटत नाही.

तर मागच्या मंगळवारी मी तुझ्या सायकलवर भंडारदऱ्याच्या जलाशयाला वेढा मारून आलो. धरणाजवळच्या शेंडी गावातून निघून शेंडीला परत, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. ओरडू नकोस. आईला माहीत होतं. तिनं भाकरी बांधून दिली आणि "हाडं मोडली तर मी येणार नाही" असंही बजावलं.

तुझी सायकल पडवीत टांगलेली होती, ती मी दोन वर्षांपासून डेअरीला दूध घालायला नेतो. एवढे दिवस एकाच गिअरवर चालवत होतो, बाकीचे कशाला असतात हे विचारायची लाज वाटायची. दिवाळीच्या आधी श्रीरामपूरला मेस्त्रीकडं नेली. त्यानं चेन आणि ब्रेकशू बदलले आणि माझ्याकडं बघून हसला. "काका, एकवीस गिअर आहेत, तुम्ही पाचशे रुपयांच्या गाडीसारखी चालवताय." मग त्यानं दुकानासमोरच्या चढावर नेऊन शिकवलं. चेनचं पुढचं लहान दातेरी चाक, मागचं मोठं दातेरी चाक, म्हणजे चढ. आणि गिअर चढाच्या आधी टाकायचा, चढात अडकल्यावर टाकला की चेन दातओठ खाते. साठी उलटल्यावर मला शिकवणारा पंचविशीतला पोरगा भेटला, हेही नशीबच.

सोमवारी राजूरकडं जाणाऱ्या पिकअपमध्ये सायकल टाकली आणि मुक्कामाला शेंडी गाठली. पहाटे सहाला निघालो तेव्हा थंडी होती, पण कानटोपी घालण्याइतकी नाही. अभयारण्याच्या नाक्यावर पावती फाडली आणि उत्तरेच्या काठानं निघालो. या वाटेनं गेलं की पाणी दिवसभर डाव्या हाताला राहतं, आधी मुरशेत, पांजरे, उडदावण्याकडून आणि मग पलीकडच्या अंगानं परत येताना. मला हे फार बरं वाटलं. आपलं आयुष्य प्रवरेच्या डाव्या कालव्यावर गेलं, त्यामुळं पाणी डावीकडं असलं की मी बरोबर वाटेवर आहे असं वाटतं.

मुरशेतच्या पुढं ऊन समोरच्या रतनगडावर पडलं. माथ्याजवळचं ते नेढं, डोंगराला आरपार पडलेलं भोक, खालून सुईच्या नाकाएवढं दिसतं. उजवीकडं कळसूबाईची रांग, 1646 मीटर, आपल्या जिल्ह्यात असून मी ती आजवर एसटीच्या खिडकीतून बारीजवळ पाहिली तेवढीच. भाताची सोंगणी चालू होती. खाचरात बायका वाकलेल्या, मागं कापलेल्या भाताच्या ओळी, आणि वरच्या उताराला खुरासणी पिवळीधमक फुललेली. आपल्याकडं आडवं रान, नजर पार आंब्यापर्यंत जाते आणि तिथं थांबते. इथं नजर सारखी वर-खाली. मान दुखते, पण कंटाळा येत नाही.

मनात म्हटलं, हे असेल का? "इथं ना, डोंगराला भोक आहे" असं काही सांगणार होतीस का? मग वाटलं, नाही. डोंगराला भोक आहे एवढ्यासाठी तू फोन करणार नाहीस, फोटो पाठवशील.

उडदावण्याच्या पुढं चढ लागला. मी मेस्त्रीचं ऐकून आधीच हलका गिअर टाकला, तरी तिसऱ्या वळणावर छाती भरून आली आणि मी उतरलो. दोन शाळकरी पोरं दप्तर घेऊन चालली होती, त्यांच्याबरोबर चालत चढ संपवला. त्यांना माझं हेल्मेट हवं होतं. आळीपाळीनं घालून दोघांनी चढ पार केला. सायकल ढकलताना कळलं, बसून चढताना मला फक्त पुढचं चाक आणि डांबर दिसत होतं. उतरल्यावर तेरडा दिसला, वाळत आलेला.

घाटघरच्या अलीकडं एका झापासमोर, म्हणजे झोपडीसमोर, म्हाताऱ्या बाईनं चहाचं दुकान मांडलेलं. दुकान म्हणजे चूल, पत्र्याचा आडोसा आणि बिस्किटांच्या दोन बरण्या. बिनदुधाचा, गवती चहा घातलेला चहा दिला. कुठले, म्हणाली. मी म्हणालो, श्रीरामपूरकडचा. तिनं चुलीत फुंकर मारली आणि सहज म्हणाली, "म्हंजी आमचं पानी जातं तिकडचं."

मी "हो" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? घाटघर म्हणजे नगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातल्या सगळ्यात जास्त पावसाच्या ठिकाणांपैकी एक, साल धरून पाच हजार मिलिमीटर पडतो. आपल्याकडं पाचशे पडला की चांगलं साल. आणि ही बाई मला सांगत होती की एप्रिल-मे लागला की हंडा घेऊन खाली उतरावं लागतं. समोर एवढं मोठं धरण, पण ते खाली, आणि वाडी वर. पाऊस पडतो तो खडकावरून वाहून जातो, मुरत नाही. तिनं तक्रार केली नाही, गाऱ्हाणंही नाही. पाहुण्याला सांगावं तसं सांगितलं.

मला आठवलं, आपल्या आज्यानं सांगितलेलं. 1926 साली हे धरण पुरं झालं, पाटाला पाणी आलं आणि बाजरीचं रान उसाचं झालं. लोणीचा सहकारी कारखाना उभा राहिला तो याच पाण्यावर, आपलं घर पक्कं झालं ते याच पाण्यावर, तुझ्या कॉलेजची फी गेली ती उसाच्या बिलातून. धरणात 11,039 दशलक्ष घनफूट पाणी मावतं, हा आकडा आपल्याकडचं शेंबडं पोर सांगेल. ऑगस्टमध्ये पेपरात "भंडारदरा भरले" छापून आलं की मी आधी ते वाचतो, मग बाकीचं. दरसाल पाणीमागणीचा सात नंबरचा फॉर्म भरतो, पाणीपट्टी भरतो, पाळी चुकली तर पाटकऱ्याशी भांडतो. पण पाणी कोणाच्या दारावरून येतं हे बघायला चाळीस वर्षांत एकदाही आलो नव्हतो. जिल्हा तोच, तालुका तेवढा दुसरा.

चहाचे पन्नास रुपये ठेवून उठलो. तिनं हाक मारली, पदराच्या गाठीतून चाळीस मोजून दिले आणि म्हणाली, "चाय धाचीच हाये." ते चाळीस रुपये खिशात घालताना जे वाटलं ते मला लिहिता येत नाही.

हेच सांगणार होतीस का, माऊ? सायकल पुढं नेताना मला जवळजवळ खात्री वाटली. वयाच्या विसाव्या वर्षी तू या बाईसारख्याच कुणाकडं तरी चहा प्यायली असशील आणि तुला बापाला विचारायचं असेल. आणि त्या घटकेला बाप तेच पाणी दुसऱ्याच्या गव्हात जाऊ नये म्हणून चिखलात उभा.

घाटघरचा कोकणकडा मात्र वर्णन करत बसत नाही. तू पाहिलास. जमीन संपते आणि खाली कोकण सुरू होतं, एवढंच. भाकरी तिथं खाल्ली, कडेपासून बरीच लांब बसून. खाली चोंढ्याच्या बाजूला दुसरं धरण दिसतं. तिथं गंमत आहे, ती मला माहीत नव्हती, शेजारी बसलेल्या एका वायरमननं सांगितली. संध्याकाळी विजेची ओढ वाढली की वरच्या, घाटघरच्या धरणातलं पाणी खाली सोडून वीज करतात, अडीचशे मेगावॅटची. आणि रात्री लोकं झोपली, वीज शिल्लक राहिली, की तेच पाणी पंपानं परत कडा चढवून वर आणतात. मी विचारलं, मग उरतं काय? तो म्हणाला, "वर न्यायला जास्त लागते काका, खाली येताना कमी मिळते. पण पाहिजे त्या वेळेला मिळते." दिवसभर चढताना घाम गाळून उतारावर दोन मिनिटं वारा खाणाऱ्या माणसाला हे लगेच पटलं. तुझ्या आईला मात्र नाही पटलं. ती म्हणते, हा तर तोट्याचा धंदा.

साम्रदच्या बाजूला वळलो. सांदण दरीकडं जाणाऱ्या पोरापोरींच्या गाड्या लागलेल्या, मी तिकडं गेलो नाही. माझ्या गुडघ्यांना सांदण झेपलं नसतं. रतनवाडीच्या उतारावर मागचं चाक डुगडुगायला लागलं. उतरून बघतो तर हवा गेलेली. कुणीतरी कुंपणाला करवंदीच्या फांद्या ओढत नेल्या होत्या, त्याचे काटे रस्त्यावर.

पंक्चर काढता येतं मला, ते विसरलो नाही. पण तुझ्या सायकलचं मागचं चाक काढायला चेनमधून सोडवावं लागतं, हे माझ्या काळात नव्हतं असं नाही, पण एवढं किचकट नव्हतं. रस्त्याकडेला ओहोळ होता. चाक काढलं, टायर लिव्हरनं सोडवला, ट्यूबमध्ये थोडी हवा भरली आणि ओहोळात बुडवून हळूहळू फिरवू लागलो. तेवढ्यात एक पोरगा शेळ्या सोडून येऊन बसला. ट्यूब फिरवता फिरवता एका जागी बारीक बुडबुड्यांची माळ उठली, मोहरीएवढे, एकामागून एक. पोरगा माझ्या आधी बोट ठेवून मोकळा झाला. "हितं, बाबा." मी कानस घासली, सोल्युशन लावलं आणि वाळू दिलं. ते वाळेपर्यंत थांबायला लागतं, घाई केली की पॅच सुटतो, हे मी त्याला सांगितलं. तो थांबला. मी थांबलो. पाणी एवढं गार की बोटं बधिर झाली होती.

"ही केवढ्याला घेतली?" म्हणाला. मी म्हणालो, माझी नाही, पोरीची आहे. "मंग ती का नाय आली?" मी म्हणालो, ती चेन्नईला असते. चेन्नई कुठं ते त्याला माहीत नव्हतं. मी म्हणालो, लांब, समुद्राकडं. त्यानं कड्याच्या दिशेला हात केला, म्हणजे कोकणात का? मी म्हणालो नाही रे, दुसरा समुद्र. दुसरा समुद्र आहे हे त्याला आवडलेलं दिसलं नाही.

टायर बसवताना वाटलं, हे ओहोळाचं पाणी खाली जलाशयात जाईल, तिथून निळवंड्याच्या धरणात, ओझरच्या बंधाऱ्यावर डाव्या कालव्याला लागेल आणि जानेवारीत सरीत येईल. तेव्हा आपण त्याला "पाळीचं पाणी" म्हणू आणि त्याच्यावरून भांडू. ज्या ओहोळात हात घातला त्याच्याशी भांडण कसं करायचं, हा प्रश्न मी अजून सोडवलेला नाही. जानेवारीत बघू.

रतनवाडीला अमृतेश्वराचं देऊळ पाहिलं. दगडावर एवढं बारीक काम की माझ्यासारख्याला ते सगळं बघायला जन्म पुरला नसता. भूक लागली होती, सावलीत बसलो. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं, पिंड पाण्यात असते, असं तिथला माणूस म्हणाला. देवळाच्या पलीकडं रतनगडाकडं जाणारी पायवाट आहे, तिच्यावर जरा चालत गेलो आणि प्रवरा ओलांडली. माऊ, चार दगडांवरून ओलांडली. नेवाशाला पैस खांबाच्या दर्शनाला आपण जायचो, तेव्हा नदीचं पात्र बघून तू घाबरून माझं धोतर धरायचीस. ती नदी इथं माझ्या पायाच्या अंगठ्याला लागून गेली, आणि मला उगाच लहान मुलाच्या डोक्यावर हात ठेवावा तसं झालं. वाकून हात घातलाच.

मग पुन्हा वाटलं, हेच असणार. तुला हेच सांगायचं असणार. एव्हाना सकाळपासून चौथ्यांदा खात्री झाली होती.

कोलटेंभे, मुतखेल, पुढचा रस्ता सांगण्यासारखा नाही. सांगण्यासारखा आहे, पण माझ्यात त्राण नव्हतं. खड्डे होते, म्हशी होत्या, मांड्या भरून आल्या होत्या. एका म्हशीनं रस्ता सोडला नाही, मी सोडला. शेवटच्या चढाला मी सायकलला चक्क शिव्या घातल्या. त्या तुला नव्हत्या.

शेंडीत आलो तेव्हा दिवेलागण झालेली. धरणाकडं जाऊन कठड्याशी उभा राहिलो. पाणी काळं पडत होतं, समोरच्या काठाला दोन-तीन वाड्यांचे दिवे लागले. वाटेत बऱ्याच ठिकाणी मोबाईलला रेंज नव्हती, इथं होती. तेव्हा सुचलं, तुझा तो फोन इथूनच आला असणार, आणि वेळही हीच.

मंगळवारी संध्याकाळी तुला माझा फोन आला होता, आठवतंय? दोन रिंग झाल्यावर मीच ठेवला. काय बोलणार होतो? "माऊ, मी कुठंय ओळख. इथं ना..." आणि पुढं? एवढा दिवस माझ्या पोटात होता, आणि त्याचं एक वाक्य होईना. तू ऑफिसातून लोकलला धावत असशील असं वाटलं. तू लगेच उलट फोन केलास, "काय झालं अप्पा?" आणि मी म्हणालो, "काही नाही, सहज केला होता."

ठेवल्यावर मला हसू आलं आणि थोडा वेळ काही दिसेना.

गुडघे अजून दुखतात. आई रोज तिळाचं तेल चोळते आणि बोलते. सायकलचा मागचा पॅच टिकलाय, काल डेअरीपर्यंत जाऊन आलो, हवा तेवढीच आहे. पुढचा ब्रेक उतारावर किंचाळतो, मेस्त्री म्हणतो रिमला तेल लागलंय. ते मी पुसून घेतो. तू संक्रांतीला येशील तेव्हा सायकल तुला द्यायची की मीच चालवत राहायची, ते बोलू. दोन सायकली झाल्या तर आई म्हणते तिलाही शिकायचं आहे. मला ती चेष्टा वाटली नाही.

रविवारी फोन कर आणि ते "इथं ना"च्या पुढचं सांग. सात वर्षांत विसरली असशील तर नवीन काहीतरी सांग, मला ओळखू येणार नाही. आवर्तन अजून सुटलेलं नाही. सुटलं तरी कर, दारं आई धरील.

तुझे,
अप्पा